बंकहाउस ट्रेलर घेण्याआधी गाडीच्या दारावरचा पिवळा स्टिकर वाचा

मार्च-एप्रिल आला की आमच्या डेन्व्हर परिसरातील मराठी मंडळींत हा विषय हमखास निघतो. भारतातून आई-वडील यायचे असतात, मुलांच्या शाळा सुटायच्या बेतात असतात, आणि मोटेलच्या खोल्यांना कंटाळलेल्या कुणाला तरी वाटते की यंदा बंकहाउस ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावाच. कल्पना उत्तम आहे आणि माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. पुढे आई-वडिलांचा पलंग, मागे मुलांसाठी एकावर एक बंक, मधे जेवणाचे टेबल आणि ओटा, शिवाय स्वतःचे स्वच्छतागृह, ही मांडणी लेकुरवाळ्या कुटुंबाला फार सोयीची पडते. माझी तक्रार खरेदीच्या क्रमाबद्दल आहे. आधी ट्रेलर मनात भरतो, मग "आमची गाडी हा ओढेल ना?" असे सेल्समनला विचारले जाते, तो गाडीचे टो रेटिंग, म्हणजे ती किती वजन ओढू शकते तो कंपनीने दिलेला आकडा, पाहतो आणि "अगदी आरामात" म्हणून मोकळा होतो. ओढण्याच्या क्षमतेबद्दल तो बहुधा खरेच बोलत असतो. पण गाडीची वजन पेलण्याची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी संपते आणि ती त्याला कोणी विचारलेली नसते.

टो रेटिंग येते कुठून, हे एकदा पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत आता बहुतेक कंपन्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या 'जे २८०७' या मानकानुसार ते ठरवतात. या मानकातील सर्वांत प्रसिद्ध चाचणी अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमजवळच्या सुमारे साडेअकरा मैलांच्या चढाची आहे. भर उन्हाळ्याच्या तापमानात, एसी चालू ठेवून, मागे दोनच चाके असलेल्या पिकअपने तो चढ ताशी ४० मैलांपेक्षा कमी वेग न होऊ देता पार करायचा असतो. चाचणी कठीण आहे यात शंका नाही. मात्र त्या हिशेबात गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात आणि हिचच्या, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या, सामानासाठी जेमतेम ७० पौंड. आजी, आजोबा, दोन नातवंडे, त्यांची कार सीट, कूलर आणि सायकली त्या चाचणीत कुठेच नसतात.

त्यांचा हिशेब लागतो तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर. माणसे आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त वजन असू नये, ते त्यावर त्या विशिष्ट गाडीसाठी छापलेले असते. यालाच पेलोड म्हणतात. त्यात चालकही मोजला जातो आणि ट्रेलरचा जो भार हिचवर खाली दाबला जातो तो, म्हणजे टंग वेटसुद्धा, यातूनच वजा होतो. ट्रॅव्हल ट्रेलर रस्त्यावर स्थिर राहावा म्हणून हा भार त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो.

आता एका साध्या उदाहरणाने हिशेब करू. ट्रेलर भरल्यावर ७,००० पौंडांचा होतो असे समजा. मध्यम आकाराच्या बंकहाउससाठी हा आकडा मुळीच अतिशयोक्त नाही. साडेबारा टक्क्यांनी टंग वेट झाले ८७५ पौंड. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे, म्हणजे भार विभागणाऱ्या हिचचे, आणखी ९० धरा. चार मोठी माणसे आणि दोन मुले मिळून ७२० पौंड, आणि गाडीत ठेवलेले किरकोळ सामान १५०. बेरीज १,८३५ पौंड होते. आता शोरूममध्ये उभ्या असलेल्या हाफ-टन पिकअपचे, म्हणजे नेहमीच्या पूर्ण आकाराच्या पिकअपचे, दार उघडून पाहा. चामड्याच्या सीट, काचेचे छप्पर आणि मोठी चाके असलेल्या महागड्या मॉडेलच्या स्टिकरवर अनेकदा १,४०० च्या आसपासचा आकडा दिसतो, आणि त्याच पिकअपच्या साध्या मॉडेलवर त्यापेक्षा बराच मोठा. प्रत्येक चैनीच्या वस्तूचे वजन पेलोडमधूनच वजा झालेले असते. ट्रेलर ओढायचा असेल तर साधे मॉडेल घ्यावे हे माझे मत त्यामुळेच आहे, जरी ते घरात मान्य होण्याची शक्यता कमी असली तरी. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावला की प्रश्न मिटतो, असेही सांगितले जाते. तो हिच मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर नेतो, गाडी समपातळीवर आणतो, आणि तो लावलाच पाहिजे. पण त्यामुळे स्टिकरवरचा आकडा वाढत नाही.

ट्रेलरच्या बाजूने फसवणारा आकडा म्हणजे ड्राय वेट. माहितीपत्रकात तोच ठळक छापतात. त्यात पाणी नसते, सामान नसते आणि डीलर नंतर बसवतो ती बॅटरीही बहुधा नसते. एक गॅलन पाण्याचे वजन सुमारे ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तीनशे तीस पौंड वाढले. त्यात आपला संसार हलका नसतो. कुकर, बिडाचा तवा, तांदूळ, कणीक, डाळी आणि "असू दे बरोबर" म्हणून घेतलेला मिक्सर हे सगळे त्या ट्रेलरला वाहावे लागते. म्हणून हिशेब नेहमी जीव्हीडब्ल्यूआरने, म्हणजे ट्रेलरच्या कमाल परवानगी असलेल्या वजनाने करावा. ज्यांना खात्री हवी त्यांनी सगळे भरून, सगळ्यांना गाडीत बसवून, हायवेवरील ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, एकदा वजन करावे. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजने तिथे वेगवेगळी छापून मिळतात.

बंकहाउसची म्हणून एक खास अडचण आहे आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. बंक बहुतेक मांडण्यांत अगदी मागे असतात. प्रवासात ते रिकामे दिसतात, त्यामुळे खुर्च्या, खेळणी, सायकली, तंबू असे सगळे तिथे कोंबण्याचा मोह होतो. चाकांच्या मागे असे वजन वाढले की पुढचा हिचवरचा भार कमी होतो, आणि तो दहा टक्क्यांखाली गेला की ट्रेलर डोलू लागण्याचा धोका वाढतो. शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला किंवा उतारावर आडवा वारा लागला की हे डोलणे सुरू होते आणि वाढत जाते. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंग हिसडायचे नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलरवरील, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या गाडीतील उपकरणावरील, हाताची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. गाडीत जो कोणी चालवणार असेल त्याला ही कळ न पाहता सापडली पाहिजे. जड सामान चाकांच्या किंचित पुढे, जमिनीलगत ठेवावे आणि बंकवर फक्त पांघरुणे. "मुले मागे झोपून येतील ना?" असे भारतातून आलेली मंडळी हमखास विचारतात. येणार नाहीत. अनेक राज्यांत ते बेकायदा आहे, आणि जिथे कायदा आड येत नाही तिथेही मी कोणाला बसू देणार नाही.

गाड्यांविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या ओडिसी आणि सिएना या मिनीव्हॅन ३,५०० पौंडांपर्यंत ओढू शकतात. पायलट किंवा हायलँडरची पेट्रोल आवृत्ती योग्य साधनांसह ५,००० पर्यंत जाते. या गाड्यांना कुटुंबाचा बंकहाउस जोडू नये. लहान, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा भाग) नसलेला, एकाच आसाचा, बंक असलेला ट्रेलर मिळतो, पण चौघांपलीकडे त्यात दाटी होते. तीन रांगांच्या मोठ्या एसयूव्ही ओढायला समर्थ असतात, मात्र सहा माणसे बसली की त्यांचा पेलोड हाफ-टन पिकअपसारखाच तोकडा पडतो. थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे त्याहून एक पायरी दणकट पिकअप वजनाला पुरतो. रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो वळवणे हे मात्र शिक्षेसारखे आहे. सहा-सात माणसांसाठी माझ्या मते सर्वांत योग्य वाहन म्हणजे शेव्रोले एक्सप्रेससारखी मोठी प्रवासी व्हॅन. ती दिसायला अगदी विमानतळाच्या शटलसारखी आहे आणि तिच्यासाठी कोणीही हौसेने बँकेत जाणार नाही, पण वरचा हिशेब तिच्यात बसतो.

आमच्याकडे आय-७० वरून आयझनहॉवर बोगद्याकडे, म्हणजे ११,१५८ फुटांवर जाताना टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते. तरीही मला चढाची काळजी वाटत नाही. हळू चढता येते. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे जो लांब, तीव्र उतार लागतो, जिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला रॅम्प बांधलेले आहेत, तिथे गाडीचा दणकटपणा कळतो.

लांबीचाही विचार करावा. मॉडेलच्या नावात २६ हा आकडा असलेला ट्रेलर हिच धरून बहुधा तीस फुटांच्या आसपास भरतो. योसेमिटीच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे. त्यामुळे ज्या उद्यानांसाठी ट्रेलर घ्यायचा, त्यांच्याच कॅम्पग्राउंडबाहेर राहण्याची वेळ येऊ शकते. आत पाहताना खालच्या बंकवर स्वतः आडवे होऊन पाहावे, आजोबांना रात्री उठताना डोके आपटेल का ते कळते. आणि ओट्यावरचा पंखा लावून पाहावा, कारण मोहरी तडतडली की दोन हातांवरचा स्मोक अलार्म सगळ्या कॅम्पग्राउंडला जागे करतो.

आणि आई-वडील फक्त एका उन्हाळ्यासाठी येणार असतील, तर मी खरेदीचा सल्ला देणारच नाही. आउटडोर्झी किंवा आरव्हीशेअर या भाड्याच्या संकेतस्थळांवर अनेक मालक आपला बंकहाउस स्वतः ओढून कॅम्पग्राउंडवर आणून देतात, समपातळीवर लावतात, पाणी-वीज जोडून देतात आणि शेवटच्या दिवशी घेऊन जातात. भाडे थोडे जास्त पडते, पण सहाही जण आपल्या ओडिसीतून निवांत जाऊ शकतात.