शेत आपली वाट पाहतं तेव्हा

नमस्कार,

डेस्कटॉपवर चालणाऱ्या निवांत आयडल गेम्सबद्दल, म्हणजे आपण फारसं काही न करता आपोआप पुढे सरकणाऱ्या खेळांबद्दल, मी जे लिहिलं ते तुम्हाला पटलं नाही, आणि तुम्ही ते आडपडदा न ठेवता सांगितलंत, याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जो खेळ आपला आपण चालतो तो खेळच नव्हे, स्क्रीनवर लक्ष वेधणाऱ्या गोष्टींची आधीच रेटारेटी असताना त्यात ही आणखी एक भर, वाढते आकडे बघत बसण्याचा नाद जुगाराच्याच वाटेने जातो, आणि शेवटी, 'कामात जीव असेल तर शेजारी मांजर कशाला लागतं?' मांजर म्हणजे काम करताना सोबतीला चालू ठेवलेला असा खेळ. या शेवटच्या प्रश्नाने मला दोन दिवस सोडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

खेळ आहे की नाही, यावर मी अडून बसणार नाही. नावाशी माझं भांडण नाही. हवं तर माशांची टाकी म्हणा.

लक्षाचा मुद्दा मात्र खरा आहे. 'रस्टीज रिटायरमेंट' हा खेळ एप्रिल 2024 मध्ये आला. माझ्या स्क्रीनच्या तळाशी त्याची चार बोटं उंचीची पट्टी असते, वरच्या सगळ्या जागेत माझं काम. पट्टीत रस्टी नावाचा छोटा रोबो शेती करतो. पिकापासून जैवइंधन बनतं, कमाईतून आणखी मदतनीस रोबो घेता येतात, ते पाणी घालतात, कापणी करतात. पहिल्या आठवड्यात माझी नजर दर दोन मिनिटांनी तिकडे जात होती, हे कबूल करते. वाफे मोजायचे, पुढचं काय परवडतंय ते बघायचं. तुम्ही म्हणता तेच होत होतं. मग खेळातलाच फोकस मोड सुरू केला. त्यात शेताचा वेग मंदावतो, बघण्यासारखं नवं काही पटकन घडत नाही, आणि डोळे हळूहळू आपसूक वर राहू लागले.

पुढे एकदा एका लांबलचक तक्त्याची तपासणी करत होते, ओळ न् ओळ ताडून. तीन तास खाली पाहिलंच नव्हतं. पाहिलं तेव्हा एका टोकाचे वाफे पिकून उभे होते आणि तिथवर पोहोचेल असा रोबो मी ठेवलेलाच नव्हता. पीक वाळलं नव्हतं, सडलं नव्हतं. ते नुसतं उभं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी क्षणभर पेन खाली ठेवलं. दिवसभरात माझ्या स्क्रीनवर जे जे येतं, त्यातलं तेवढं एकच मी दुर्लक्ष केल्यावरही चिडलेलं नव्हतं.

ही कल्पना जुनीच आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी 1995 मध्ये 'शांत तंत्रज्ञाना'बद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं, चांगलं यंत्र आपल्या नजरेच्या काठावर राहतं, गरजेपुरतं मध्यभागी येतं आणि पुन्हा काठावर जातं. उदाहरण त्यांनी एका दोरीचं दिलं. नॅटली जेरेमिजेंको या कलावतीने छतातल्या छोट्या मोटरला 8 फुटांची प्लास्टिकची दोरी टांगली होती आणि मोटर नेटवर्कच्या तारेला जोडली होती. नेटवर्क शांत असलं की दोरी मधूनच थरथरायची, गर्दी झाली की गरगर फिरायची. कुणालाही ती टक लावून बघावी लागत नसे. रस्टीची पट्टी मला त्या दोरीच्या जातीची वाटते.

जुगाराचं म्हणाल, तर तुमची शंका अनाठायी नाही. खेळ रचणारे आणि खेळांचे अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी 2010 मध्ये 'काउ क्लिकर' काढला तो अशा खेळांवर टीका म्हणूनच: गायीवर एक क्लिक करायचा, मग सहा तास थांबायचं. लोक ते मनापासून खेळू लागले. 2024 च्या जूनमध्ये तर 'बनाना' नावाच्या खेळात एका वेळी 8 लाखांहून जास्त खाती उघडी होती. करायचं काय, तर केळ्यावर क्लिक. ओढ होती ती अधूनमधून मिळणारं आभासी केळं स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या बाजारात विकता येण्याची. त्याची बाजू मी घेणार नाही. कीबोर्डच्या कळा दाबल्या की पंजे आपटणारी स्क्रीनवरची मांजर, 'बोंगो कॅट', मला गोड वाटते, पण तिच्या टोप्याही त्याच बाजारात विकल्या जातात, आणि तिथे मला तुमच्यासारखंच खटकतं. दुसऱ्या एका खेळात रोज हजेरीचं बक्षीस होतं, एक दिवस चुकला की साखळी तुटायची. तो मी दहा दिवसांत काढून टाकला.

म्हणून माझी कसोटी एकच: कोण कोणाची वाट पाहतं? काउ क्लिकरमध्ये घड्याळ चालतं आणि माणूस ताटकळतो. रस्टीच्या शेतात पीक ताटकळतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आकडे दोन्हीकडे वाढतात, पण एकाने मला बांधून ठेवलं असतं आणि दुसऱ्याला मी महिनाभर उघडलं नाही तरी चालतं.

आता मांजराबद्दल. कामात जीव आहे म्हणूनच लागतं, असं माझं उत्तर आहे. माझं बरंचसं काम पुरं होताना दिसत नाही. चारशे ओळी तपासल्या तरी पडदा सकाळी होता तसाच असतो, चूक सापडली नाही की काहीच बदलत नाही. आणि मी एकटीच बसलेली असते. अशा वेळी बाजूला काहीतरी हळूहळू वाढत असणं, त्याला माझ्याकडून काहीच नको असणं, ही सोबत आहे. तुम्हाला ती लागत नसेल तर उत्तमच. मला लागते, आणि ती मागितल्याची मला लाज वाटत नाही.

हे लिहिताना पट्टी खाली चालूच होती. त्या टोकाच्या वाफ्यांसाठी एक कापणीचा रोबो आत्ताच घेतला.