फरार आरोपी

कोंडीत तासभर मुंगीच्या पावलांनी सरकल्यावर माझी एकच माफक अपेक्षा असते: पुढे कारण दिसावं. उलटलेला टँकर, भांडणारे दोन ड्रायव्हर, गेला बाजार एखादा पंक्चर झालेला टेम्पो तरी. पण कोंडी सुटते तेव्हा समोर काहीच नसतं. रस्ता मोकळा, गुळगुळीत आणि निर्लज्ज. इतका वेळ मनात जमवलेल्या शिव्या द्यायच्या कोणाला?

जपानमधल्या संशोधकांनी या आरोपीचा माग काढला. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या सोडल्या होत्या. ताशी 30 किलोमीटरच्या आसपास चालवत राहा, एवढंच सांगितलं होतं. ना सिग्नल, ना खड्डा. तरी कोणीतरी वेग जरासा कमी केला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी; शेवटी एक जण चक्क थांबला. मग ही थांबण्याची लाट ताशी सुमारे 20 किलोमीटरने मागे मागे जात राहिली. म्हणजे आपण अडकतो तोवर मूळ ब्रेक मारणारा घरी पोचून, पाय धुऊन आडवा झालेला असतो. त्याला तर पत्ताही नसतो!

शेजारची लेन जोरात पळतेय, हाही म्हणे भास. आपण दहा गाड्या मागे टाकतो त्या दाटीने उभ्या असतात, म्हणून झटक्यात संपतात; त्याच दहा आपल्याला मागे टाकतात तेव्हा सुट्या सुट्या, सावकाश, एकेक तोंड दाखवत जातात. हिशेब पटतो. लेन बदलायची खाज मात्र जात नाही.

वाहतूक इंजिनिअरांचे उपाय ऐकावेत तर ते सगळे जखमेवर मीठ चोळणारे. लवकर पोचायचंय? हळू चालवा. लंडनभोवतीच्या एम25 रस्त्यावर 1995 पासून गर्दी वाढली की पाटीवरची वेगमर्यादा उतरते, म्हणजे ब्रेकची ती लाटच उठत नाही. शिकागोत 1963 साली तर महामार्गावर चढायच्या रस्त्यावर, म्हणजे रॅम्पवर, एक पोलीस उभा केला आणि तो एकेक गाडी आत सोडू लागला. पुढे त्याच्या जागी सिग्नल आले.

रिकामा दिसणारा महामार्ग समोर आणि आपण लाल दिव्यापाशी! अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लोक यावर इतके वैतागले, की 2000 साली विधिमंडळाने हे सिग्नल काही आठवडे बंदच करायला लावले. मी असतो तर पेढे वाटले असते. निकाल आला: प्रवासाचा वेळ 22 टक्के वाढला, अपघात 26 टक्के. तक्रारदार आपल्याच विजयात अडकून पडले.

दिवे परत लागले, पण रॅम्पवर कोणालाही चार मिनिटांपेक्षा जास्त ताटकळत ठेवायचं नाही, या अटीवर. चार मिनिटं चालतील. तेवढ्यात पुढच्या गाडीच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज होते, आणि ती एकदा उलटीकडून तपासूनही घेता येते.