तोफगोळे, फासे आणि नशीब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण ती नियम वापरून खेळलेल्या माणसाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: टेबलावर फासे टाकून खेळायच्या युद्धखेळासाठी मी केलेल्या घरच्या नियमांत तोफखाना बोलावला की गोळे दोन पाळ्या उशिरा येतात आणि भलतीकडे पडतात. तुमच्या डावात ते तुमच्याच प्लाटूनवर, म्हणजे पायदळाच्या तुकडीवर पडले, आणि हा नुसता नशिबाचा खेळ झाला. लक्ष्य बघून कळवणारा एक निरीक्षक मेला की आठ तोफा मुक्या होतात. त्यापेक्षा खेळाचा मूळ नियम बरा. जागा दाखवा, फासा टाका, मोकळे व्हा.

मूळ नियमात तोफ म्हणजे फक्त लांब पल्ल्याची बंदूक आहे, आणि माझं भांडण तिथेच आहे. सोलापूरच्या होटगी रोडला आमची रविवारची बैठक जमते, तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश २५ पाउंडर तोफा धरतो. पल्ला साधारण १२ किलोमीटर. सोलापुरी चादरीखाली पुस्तकं सारून आम्ही टेकड्या करतो. तोफा त्या टेबलावर नसतातच, घराच्या भिंतीपलीकडे कुठेतरी असतात. तोफचीला लक्ष्य दिसत नाही. पुढे बसलेला निरीक्षक नकाशावरून जागा कळवणार, मागे गणित होणार, एक तोफ डागून बघणार, ‘लांब गेला, अलीकडे घ्या’ अशी दुरुस्ती होणार, मग सगळी बॅटरी, म्हणजे आठही तोफा, सुटणार. गोळा नुसता हवेतच अर्ध्या मिनिटाच्या आसपास असतो. आमची एक पाळी दोन मिनिटांची. चार मिनिटांत हे सगळं उरकतं, म्हणजे मी हात सैलच सोडलाय.

आता फासे. एकच फासा टाकला तर एक ते सहा सगळे सारख्याच शक्यतेने येतात. ते खरं नशीब, आणि ते मूळ नियमात आहे. मी लाल फाशातून पांढरा वजा करायला सांगतो. शून्य येण्याच्या ३६ पैकी ६ शक्यता. अधिक-उणे एकच्या १०, दोनच्या ८, आणि टोकाच्या पाचच्या फक्त २. म्हणजे तीनपैकी दोन वेळा चूक दोनपर्यंतच राहते. हा आकडा तोफेपासून लक्ष्यापर्यंतच्या रेषेवर मोजायचा, एकाला ५० मीटर. आडव्या चुकीसाठी फासे पुन्हा टाकायचे, पण एकाला २५ मीटरच. कारण खरे गोळे वर्तुळात पसरत नाहीत, लांबोळ्या पट्ट्यात पसरतात. दारूच्या जोरात किंवा गोळ्याच्या वजनात थोडा फरक पडला की तो मुख्यतः पल्ल्यात उतरतो; दिशा त्या मानाने पक्की राहते.

तुमच्या प्लाटूनचं काय झालं ते इथे कळतं. तोफा सरळ पाठीमागे, पायदळ शत्रूपासून १०० मीटरवर, म्हणजे पट्ट्याचं एक टोक तुमच्याच माणसांवर येणार. त्याच तोफा बगलेला ठेवल्या असत्या तर पट्टा आघाडीला समांतर पडला असता आणि तेवढ्याच अंतरावर तुम्ही बरेच सुरक्षित राहिला असता. तोफा कुठल्या बाजूला आहेत याला मूळ नियमात काही अर्थच नाही. याला नशीब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उशीर टाळायचा रस्ताही आहे. बचाव करणाऱ्याने डावाआधी तीन जागा चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवायच्या: पूल, ओढ्याचा उतार, अशा. तिथे आधीच नेम साधलेला धरतो. गोळे त्याच पाळीत, चूक निम्मी. निरीक्षक मेला तरी या जागांवर मारा चालू राहतो. तुम्ही चिठ्ठी कोरीच ठेवली होती, असं तुम्हीच लिहिलंय.

कारगिलमध्ये बोफोर्स थेट शिखरांवर डागल्या, तिथे कसला निरीक्षक, असं तुम्ही विचारता. थेट नेमात तोफची स्वतः बघतो, म्हणून माझ्याकडे त्याला उशीर नाहीच. पण त्याच १९९९ची दुसरी बाजू बघा. तोलोलिंग शिखरावर बसलेल्या पाकिस्तानी घुसखोरांना खालचा श्रीनगर-लेह महामार्ग दिसत होता. ताबारेषेपलीकडच्या त्यांच्या तोफांना तो दिसत नव्हता. तरी गोळे महामार्गावर येत होते, ते वरून बघणाऱ्यांच्या जिवावर. तोलोलिंग १३ जूनला आणि टायगर हिल ४ जुलैला एवढी किंमत मोजून का घ्यावी लागली, याचं एक मोठं कारण हे आहे. टेबलावर मला तो बघणारा माणूस महत्त्वाचा करायचाय. त्याला मारायला तुमचा प्रतिस्पर्धी धडपडला, तर त्याने बरोबरच केलं.

पावसाळी रानाच्या नियमाला तुम्ही अतिशहाणपणा म्हणता. मऊ जमिनीत गोळा रुतून फुटतो, बऱ्याचशा किरचा चिखलातच जिरतात, म्हणून तिथे माऱ्याचा परिणाम कमी धरतो. पावसात आपल्याकडच्या काळ्या रानात पाय घातलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तरी तो नियम ऐच्छिक आहे, खुशाल गाळा.

वेळ फार जातो हे नवख्यांच्या डावात खरं आहे. त्यांच्यासोबत आडवी चूक सोडून द्या, लांबीची तेवढी ठेवा. दोन पाळ्यांचा उशीर मात्र काढू नका. तो गेला की चिठ्ठी कोरी ठेवली काय आणि भरली काय, सारखंच.