मॉरिशसची गोष्ट १८१० च्या आधीची

मॉरिशसच्या इतिहासावरचा तुमचा लेख आवडला, पण इंग्रजांनी १८१० साली मॉरिशस जिंकलं तिथूनच तो सुरू होतो, हे खटकलं. १५९८ साली डच तिथे उतरले, त्यांच्या राजपुत्र मॉरित्सचं नाव बेटाला दिलं आणि १७१० पर्यंत निघूनही गेले. १७१५ पासून फ्रेंच. सत्ता बदलल्यावरही फ्रेंच कायदे, भाषा, चालीरीती इंग्रजांनी तशाच राहू दिल्या. म्हणून आजही वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात आणि घराघरात क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली बोली बोलली जाते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उसाचे मळे आधी आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांनी राबवले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणायला सुरुवात केली होतीच. राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, जिथे हे मजूर उतरले, त्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. बहुतेक लोक बिहार आणि पूर्वेकडच्या भागातले, पण त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांच्या वंशजांनी गणपती जपला, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते! लेखात या माणसांसाठी एक ओळही नसावी?

आणि हिंदी महासागरातला चागोस द्वीपसमूह. स्वातंत्र्य मिळालं १२ मार्च १९६८ ला, पण त्याआधी १९६५ मध्येच ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारण्यासाठी तिथल्या रहिवाशांना घरदार सोडायला लावलं. नकाशात ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या बेटांवरची ही माणसं अजून परतीची वाट पाहत आहेत.