कण्हेर उपटण्याआधी घरातली फुलदाणी बघा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत ती यादी आली आहे, ‘मांजरांना विषारी झाडे’. कण्हेर, क्रोटन, मनी प्लांट, लिली, सगळी एकाच माळेत. लगेच मागणी झाली की कंपाउंडची कण्हेर मुळासकट काढा. माझा विरोध आहे, आणि मी मांजरवाली आहे.

कण्हेर विषारी आहेच, मुळापासून फुलापर्यंत. तिच्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आणि बाल्कनीत मिरवणारं अडेनियम हीसुद्धा त्याच कुळातली. कुंपणाला आणि हायवेच्या दुभाजकात कण्हेर लावतात कारण तिला पाणी कमी लागतं आणि गुरं तोंड लावत नाहीत. पान कडूजहर असतं. माझ्या मते खरी भीती उभ्या झुडपापेक्षा छाटणीची. माळीदादा फांद्या पंपरूमच्या मागे टाकतात, तिथेच पिल्लं खेळतात, आणि पान सुकलं तरी विष जात नाही. तेव्हा कचरा त्याच दिवशी उचलायला लावा. जाळू तर अजिबात नका, धूरही बाधतो.

मनी प्लांट, डिफेनबेकिया, पीस लिली चावली तर सुईसारखे स्फटिक तोंडात टोचतात. लाळ गळते, उलटी होते, मांजर रुसून बसतं. जीव सहसा जात नाही.

गेटजवळचे ते ऐटबाज सायकस मात्र हलवा. नर्सरीवाले ‘सागो पाम’ म्हणतात. सगळं झाड विषारी, बिया सर्वात जास्त, आणि घाव थेट यकृतावर. त्याबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही, कारण ते महागडं आहे आणि शोभतं!

आणि सगळ्यात वाईट वस्तू बागेत नसतेच. ती वाढदिवसाच्या बुकेतून लिफ्टने वर येते. एशियाटिक, ओरिएंटल, स्टारगेझर लिली. दादरच्या फुलबाजारात हारासाठी जुडीने मिळते ती पांढऱ्या कळ्यांची लिली वेगळी, तिच्याने उलट्या होतात, पण ती किडनीवर जात नाही. बुकेतल्या लिलीचं पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, काहीही मांजराच्या किडन्या निकामी करू शकतं. चावायचीही गरज नाही. फुलाला घासून गेलं की तपकिरी-केशरी परागाची पूड मिशांना आणि छातीच्या केसांना चिकटते, आणि मांजर ती चाटूनच साफ करतं. आधी उलट्या, मग काही तास बरं वाटतं, तिथेच लोक फसतात. एक ते तीन दिवसांत किडन्या बंद पडतात. सलाईन पहिल्या काही तासांत सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते. कुत्र्यांना या लिलीने असं होत नाही, म्हणून ‘आमच्या टॉमीला काही झालं नव्हतं’ हे सांगू नका.

घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, दूधही नको. लिलीचा संशय जरी आला तरी ‘सकाळपर्यंत बघू’ नको. अंगावर पराग दिसला तर ओल्या कपड्याने पुसा, झाडाची फांदी किंवा फोटो घ्या आणि निघा. मुंबईत परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, सगळ्यांना माहीत आहे, पण रात्री उघडा असणारा जवळचा व्हेट कोण, त्याचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा.