चिमट्याला काय वाटतं?

गेले तीन आठवडे मी घरातल्या वस्तूंकडे टक लावून बघतोय आणि घरातली माणसं माझ्याकडे. झालं असं की मला लिहायचं होतं. म्हणजे काय लिहायचं ते ठरलं नव्हतं, पण लिहायचं होतं. चाळिशीच्या आसपास बऱ्याच जणांना असं होतं म्हणे, काहींचे गुडघे धरतात, काहींना लेखन धरतं. तर मी एका ऑनलाइन लेखनवर्गात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की विषय शोधायला लांब कुठे जायला नको, तो तुमच्या घरातच पडलेला असतो. रोज एक वस्तू घ्या, समोर ठेवा, दहा मिनिटांचा टायमर लावा आणि लिहा. खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं, दहा मिनिटं पेन उचलायचं नाही.

ऐकायला किती सोपं.

पहिल्या दिवशी बाथरूममधला मग आणला. निवड चुकली हे दुसऱ्याच वाक्याला कळलं, कारण मराठीत मगावर लिहायचं म्हणजे स्वतःचीच उलटतपासणी. मग पिवळा आहे. मग? मग प्लास्टिकचा आहे. बरं, मग? मग बादलीत असतो. मग काय झालं? काही नाही झालं. टायमर वाजला तेव्हा वहीत अकरा मग होते आणि त्यातले पाण्याचे किती आणि नुसते मग किती हे माझं मलाच सांगता येईना. ती सगळी दहा मिनिटं आतून मुलगी ओरडत होती, बाबा मग कुठाय, बाबा मग कुठाय, पण पेन उचलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची. खुर्ची मात्र जमली. निदान मला तसं वाटलं. तिचा एक हात ढिला आहे, तिथून सुरू केलं आणि बघता बघता खुर्ची म्हातारी झाली, तिची मुलं लांब निघून गेली, ती दाराकडे डोळे लावून बसली. तिसऱ्या दिवशी चप्पल घेतली, ती थकली. चौथ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ, एकाकी. पाचव्या दिवशी छत्री, तिला तर मी कपाटाच्या कोपऱ्यात उभी करून चांगली रडवली. मग हे पाच दिवसांचं बाड बायकोला वाचायला दिलं. तिनं शांतपणे सगळं वाचलं, वही मिटली आणि म्हणाली, "आपल्या घरात एकपण वस्तू सुखी नाही का रे?"

"अगं, साहित्य आहे ते."

"फ्रिज तरी सुखी दाखव. परवाच गॅस भरलाय त्याच्यात."

खरं सांगू का, दोष माझा नाही, शाळेचा आहे. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहून लिहून मोठी झालेली माणसं आपण. त्या निबंधांत एकही पुस्तक कधी मजेत फाटलं नाही. प्रत्येकानं आधी वैभवाचे दिवस पाहायचे, मग मालकानं अडगळीत टाकायचं आणि शेवटी वाचकाला उपदेश करून गप्प व्हायचं. तो साचा हाडात इतका मुरलाय की समोर पंचिंग मशीन ठेवलं तरी चौथ्या ओळीला त्याची आजी होते.

सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, तुम्ही वस्तूकडे बघतच नाही, थेट उपमेवर उडी मारता. आधी बघा, तिची माहिती काढा. आणि धीर द्यायला म्हणून त्यांनी मोठी नावं काढली. पाब्लो नेरुदानं मोज्यांवर, कात्रीवर, खुर्चीवर कविता केल्यात म्हणाले. हे ऐकून जरा बरं वाटलं, अर्थात नेरुदाला ते मोजे कुणीतरी हातानं विणून दिले होते आणि मुख्य म्हणजे जोडी होती, माझ्याकडे मोजे भरपूर आहेत पण जोडी एक नाही. मग सर म्हणाले, फ्रान्सिस पाँज नावाचा फ्रेंच कवी १९४२ साली साबणावर लिहायला बसला आणि पुस्तक आलं १९६७ साली. पंचवीस वर्षं. साबणावर. सर प्रेरणा म्हणून सांगत होते आणि मी मनात हिशोब करत होतो की मग, खुर्ची, चप्पल, घड्याळ, छत्री, माझी सव्वाशे वर्षं तर आत्ताच बुक झाली. आणि पाँजचं एक बरं होतं, महायुद्धामुळे तेव्हा साबण धड मिळतच नव्हता, त्यामुळे आतून कोणी ओरडत नसणार की साबण कुठाय.

तरी माहिती काढायची म्हणून पेन्सिल घेतली आणि इथे मात्र मजा आली. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच! ग्रॅफाइट असतं आणि चिकणमाती. फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध चाललेलं, तिकडचं चांगलं ग्रॅफाइट यायचं बंद झालेलं, तेव्हा निकोला काँते नावाच्या माणसानं ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजली आणि १७९५ साली त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी, कमी घातली की मऊ आणि काळीभोर. एवढं होऊन आपण आपले अजून शिसपेन्सिलच म्हणतोय. मी तर खूशच झालो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा वहीत कुणी रडलं नव्हतं. लगेच जाऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली बरं. मुलीला सांगितलं, तिला माहीत होतं.

पण पेन्सिलीच्या बुडाला जो खोडरबर असतो ना, तो बाधला. हायमन लिपमन नावाच्या माणसानं अमेरिकेत १८५८ साली त्याचं पेटंट काढलं होतं, पुढे दुसऱ्या एकानं ते विकत घेतलं आणि भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. १८७५ साली कोर्टानं पेटंट उडवून लावलं. कारण काय, तर पेन्सिल जुनीच, रबर जुनंच, दोन्ही चिकटवलं तरी पेन्सिल पेन्सिलीचंच काम करतेय आणि रबर रबराचं, मग यात नवीन काय केलंत? हे वाचलं आणि नियम मोडून वहीची मागची पानं उघडली. 'छत्री एखाद्या विरहिणीसारखी मिटून पडली होती.' छत्री जुनी. विरहिणी तिच्याहून जुनी. मी कोर्टाचा निकाल मान्य केला.

आता मुख्य प्रकार, चिमटा. कपडे वाळत घालायचा.

रात्री सगळे झोपल्यावर गॅलरीतल्या दोरीवरून एक निळा चिमटा काढून आणला. तिथं माझा शर्ट वाळत होता, दोन चिमट्यांवर, म्हटलं एका रात्रीचा प्रश्न आहे, एकावर राहील. टेबलावर ठेवून अगदी सरांनी सांगितल्यासारखा बघितला. बाहेरची बाजू उन्हानं पांढुरकी झालेली, आतली अजून नवी असल्यासारखी निळी. जबड्यात बारीक दाते आणि त्यात एक पांढरा धागा अडकलेला. स्प्रिंगच्या टोकाला, जिथं ती कापडाला टेकते, गंजाचा एवढासा ठिपका. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर अस्साच तपकिरी ठिपका आहे, त्यावरून मी दीड वर्षापूर्वी घरात मोठं भांडण काढलं होतं आणि ते हरलोही नव्हतो. तो मुद्दा मी वहीत घेतला नाही. सगळंच काही लिहायचं नसतं.

मग वाटलं, नुसता बाहेरून काय बघायचा, उघडून बघू. असा दोन पायांचा, मधे स्प्रिंग असलेला चिमटा व्हरमाँटमधल्या डेव्हिड स्मिथनं १८५३ साली पेटंट केला, त्याआधीचे म्हणजे निव्वळ मधोमध चिरलेलं लाकूड. तर तो स्मिथ जे जोडून गेला ते मी दोन्ही अंगठ्यांनी जरा फाकवलं आणि टणकन आवाज झाला. चिमट्याचे दोन अर्धे माझ्या दोन हातांत आणि स्प्रिंग कपाटाखाली.

पोटावर झोपून, मोबाइलचा टॉर्च लावून मी कपाटाखालचं जग बघितलं. रिमोटचं झाकण होतं, ज्याच्या जागी आम्ही वर्षभर चिकटपट्टी लावतोय. पेनाचं टोपण होतं. फरशीला चिकटून विरघळलेलं रबरबँड होतं. एक मोजा होता, आणि त्या क्षणी मला नेरुदा काय म्हणत असेल ते आतून समजलं. फक्त स्प्रिंग नव्हती. तेवढ्यात टायमर वाजला आणि दिवा लागला.

"काय शोधतोयस?"

कपाटाखालून जे सुचलं ते बोललो. "प्रेरणा."

"सापडली की तिथला केर पण काढ," असं म्हणून तिनं दिवा घालवला.

पुढच्या क्लासला माझा नंबर होता. वही तशीच उघडी ठेवून झोपलो होतो, तीच घेऊन बसलो आणि वाचायला लागलो. पांढुरकी बाजू, निळी बाजू, दाते, धागा, टणकन उडालेली स्प्रिंग, कपाटाखालचा अंधार. चांगला लागला होता सूर. त्याच भरात पान उलटलं आणि वाचून गेलो:

चिमटे बारा होते.
अकरा आहेत.
शर्ट खाली गेलाय.

वाचून झाल्यावर लक्षात आलं की अक्षर माझं नाही. सकाळी ऑफिसला निघताना बायकोनं निरोप लिहून ठेवला होता, शर्ट खालच्या काकूंच्या गॅलरीत पडला होता.

स्क्रीनवर सगळे गप्प. कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं, 'मृत्यू?' एक बाई म्हणाल्या की बारावा चिमटा न दाखवता दाखवलात, माझ्या अंगावर काटा आला. सरांनी चष्मा काढला. "वा. आज पहिल्यांदा तुम्ही वेळेवर थांबलात. आणि शर्ट कुणाचा हे सांगितलं नाहीत, ते फार बरं केलंत."

"माझाच आहे तो," मी म्हटलं.

"हो, हो," सर म्हणाले, "आपल्या सगळ्यांचाच आहे."

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिला हसू आवरेना, पण मधेच थांबून म्हणाली, "त्याच्याखाली अजून एक ओळ होती, ती वाचली नाहीस?" होती खरी, अगदी तळाला, 'येताना चिमटे आण'. मी काही चिमटे आणले नव्हते. विषय बदलायचा म्हणून घाईघाईनं सांगितलं की सरांनी या आठवड्याला फार सुंदर विषय दिलाय, घरातली अशी वस्तू निवडा जी रोज असते पण कुणाला कधीच दिसत नाही.

तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. "स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन. घे की. फक्त जवळून बघायच्या आधी जरा पूस."

तर आत्ता मी स्टुलावर उभा आहे, एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात फॅनचं चिकट पातं, खाली मुलगी बादली धरून, मग पण आहे, आणि सरांचा नियम मी तंतोतंत पाळलाय. दहा सोडा, चांगली चाळीस मिनिटं झाली, पेन उचललेलंच नाही.