अमेरिकेतील माजी सैनिकांना खरोखरच ‘हवा तो डॉक्टर’ मिळतो का?

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेविषयी एक दावा बराच काळ फिरतो आहे आणि आपल्याकडे ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या अंशदायी आरोग्य योजनेचा, विषय निघाला की तो हमखास पुढे केला जातो. त्याचा आशय असा: सरकारी रुग्णालयांच्या रांगेत सैनिक मरू लागले, म्हणून अमेरिकेने २०१८ साली कायदा करून प्रत्येक माजी सैनिकाला आवडेल त्या खासगी डॉक्टरकडे जाण्याची मुभा दिली, बिल सरकार भरते, बाहेर उपचार लवकर मिळतात, चांगले मिळतात आणि स्वस्तही पडतात, तेव्हा माजी सैनिकांसाठी वेगळी सरकारी रुग्णालये चालवण्याचे कारणच उरलेले नाही. या दाव्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. पण त्यातले बहुतेक मुद्दे अर्धवट आहेत आणि त्यांच्या आधारे काढलेला निष्कर्ष माजी सैनिकाच्याच मुळावर येणारा आहे.

आधी रांगेविषयी. एप्रिल २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथील रुग्णालयाचे प्रकरण उघडकीला आले. हे रुग्णालय माजी सैनिक कल्याण विभागाचे, म्हणजे तिकडे सगळे ज्याला ‘व्हीए’ म्हणतात त्या खात्याचे. तिथे प्रतीक्षेच्या खऱ्या याद्या लपवून ठेवल्या जात होत्या. महानिरीक्षकांनी २२६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिल्या भेटीसाठी सरासरी ११५ दिवस लागल्याचे दिसले. रुग्णालयाने वर कळवलेला आकडा मात्र २४ दिवसांचा होता. सुमारे १,७०० माजी सैनिकांची नावे तर अधिकृत यादीत चढलेलीच नव्हती. हा अक्षम्य प्रकार होता, आणि खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना मे महिन्यातच राजीनामा द्यावा लागला. मात्र ‘रांगेत चाळीस जण मेले’ हे जे वाक्य तेव्हापासून ठासून सांगितले जाते, त्याला चौकशीने दुजोरा दिलेला नाही. ऑगस्ट २०१४ च्या अंतिम अहवालात उपचारांना झालेल्या गंभीर विलंबाची प्रकरणे नोंदवलेली आहेत, त्यांतील काही रुग्ण दगावल्याचेही म्हटले आहे, परंतु वेळेत उपचार न मिळाल्यामुळेच मृत्यू झाले असे निर्णायकपणे सांगता येत नाही, असा निष्कर्ष तिथे आहे. विलंबाचा दोष यामुळे रतीभरही कमी होत नाही. पण धोरण ठरवायचे तर ते सिद्ध झालेल्या गोष्टींवर ठरवावे लागते.

त्या विलंबाचे कारण काय होते, हेही दाव्यात येत नाही. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्यांची आणि व्हिएतनाम युद्धातील वृद्ध सैनिकांची गर्दी वाढत असताना डॉक्टर आणि जागा त्या प्रमाणात वाढल्या नव्हत्या. वरून चौदा दिवसांत भेट देण्याचे उद्दिष्ट लादलेले आणि अधिकाऱ्यांचे मूल्यमापन त्याच्याशी जोडलेले, त्यामुळे आकडे सुधारण्याऐवजी ते रंगवण्याची वाट निवडली गेली. अमेरिकी काँग्रेसला हे कळले होते. ७ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामा यांनी सही केलेल्या ‘चॉइस’ कायद्याने बाहेरच्या उपचारांसाठी १० अब्ज डॉलर दिले आणि त्याचबरोबर व्हीएची स्वतःची डॉक्टरभरती व इमारती यांसाठी ५ अब्ज डॉलर दिले. बर्नी सँडर्स आणि जॉन मॅकेन या दोन टोकांच्या सिनेटरांनी घडवून आणलेली ती तडजोड होती. ‘खासगीकडे पाठवा’ हा तिचा एक भाग सांगितला जातो आणि ‘स्वतःचे घर नीट करा’ हा दुसरा भाग सोयीस्करपणे गाळला जातो.

आता मुख्य मुद्दा: ‘२०१८ पासून आवडेल तो डॉक्टर’. ६ जून २०१८ रोजी ट्रम्प यांनी सही केलेला आणि बरोबर एका वर्षाने अमलात आलेला ‘मिशन’ कायदा ही मुभा देत नाही. बाहेर उपचार घेण्यासाठी सहा निकष आहेत आणि त्यांतील किमान एक लागू व्हावा लागतो. हवी असलेली सेवा व्हीए देतच नाही. राज्यात सर्व सेवा देणारे व्हीए रुग्णालय नाही, जसे अलास्का, हवाई आणि न्यू हॅम्पशायरमध्ये. व्हीएचे केंद्र घरापासून चाळीस मैलांहून दूर असण्याच्या, जुन्या ‘चॉइस’ कायद्यातील अटीनुसार मिळालेला हक्क काही ठरावीक लोकांसाठी चालू आहे. व्हीएची ती विशिष्ट सेवा गुणवत्तेच्या कसोटीला उतरत नाही. किंवा बाहेर जाणेच रुग्णाच्या वैद्यकीय हिताचे आहे, असे तो आणि त्याला पाठवणारा डॉक्टर दोघेही मानतात. सहावा निकष अंतराचा आणि प्रतीक्षेचा: प्राथमिक आणि मानसिक आरोग्यसेवेसाठी गाडीने सरासरी ३० मिनिटे किंवा २० दिवस, तज्ज्ञ डॉक्टरसाठी ६० मिनिटे किंवा २८ दिवस, यांपेक्षा जास्त लागत असेल तर बाहेरचा मार्ग खुला होतो. व्हीएमध्ये नाव नोंदलेले असणे ही तर त्याआधीची अट, आणि ती नोंदणीदेखील प्रत्येक माजी सैनिकाला आपोआप मिळत नाही.

निकष पूर्ण झाला तरी ‘कार्ड दाखवा आणि आत जा’ असे होत नाही. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या एखाद्या माजी सैनिकाचे प्रकरण प्रत्यक्ष कसे पुढे सरकते ते पाहावे. त्याचा व्हीए डॉक्टर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती संगणकात नोंदवतो. तो कोणत्या निकषात बसतो हे तपासले जाते. व्हीएचे बाह्यसेवेचे कार्यालय कंत्राटदार कंपनीच्या जाळ्यातील, म्हणजे तिने करार केलेल्या, डॉक्टरांमधून त्याला निवड करू देते, भेट ठरते आणि डॉक्टरकडे मंजुरीचा क्रमांक जातो. त्या मंजुरीत किती काळ आणि कोणते उपचार हे लिहिलेले असते. त्यापलीकडची तपासणी हवी असेल तर डॉक्टरला पुन्हा विनंती करावी लागते. तातडीचे औषध चौदा दिवसांपुरते जवळच्या जाळ्यातील दुकानातून मिळते. नेहमीच्या औषधांची चिठ्ठी व्हीएच्याच औषधालयाकडे जाते. पूर्वमंजुरीशिवाय जाता येते ते किरकोळ पण तातडीच्या तक्रारीसाठी, तेही जाळ्यातील दवाखान्यात आणि गेल्या २४ महिन्यांत व्हीएमार्फत उपचार घेतलेले असतील तरच. जिवावरच्या प्रसंगी कोणत्याही रुग्णालयात जावे, पण ७२ तासांच्या आत व्हीएला कळवावे लागते. ही निवड आहे खरी, मात्र ती एका यंत्रणेच्या आतली, तिच्या देखरेखीखालची आणि तिच्या पैशांवरची निवड आहे.

‘बाहेर लवकर मिळते’ हे गृहीत धरले जाते, तपासले जात नाही. ‘चॉइस’ योजनेत विनंती, कंत्राटदार आणि भेट या सगळ्या टप्प्यांना परवानगी असलेला पूर्ण वेळ लागला तर साध्या उपचारासाठी ७० दिवसांपर्यंत थांबावे लागू शकते, असे अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये दाखवून दिले. ती योजना तीस दिवसांत उपचार देण्याच्या वचनावर उभी होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या शहरांतील चार प्रकारच्या सेवांची तुलना झाली, तेव्हा २०१७ साली नव्या रुग्णाची सरासरी प्रतीक्षा व्हीएमध्ये १७.७ दिवस आणि खासगी क्षेत्रात २९.८ दिवस निघाली. अस्थिरोग विभागात मात्र व्हीए मागे होते. म्हणजे काही ठिकाणी बाहेर लवकर मिळते, काही ठिकाणी उशिरा. शिवाय २८ दिवसांची कसोटी व्हीएच्या भेटीला लागते; बाहेर पाठवल्यावर तिथे तेवढ्याच दिवसांत भेट मिळेल, अशी हमी या निकषात नाही. आणि ‘बिल सरकार भरते’ हे वाक्यही ‘चॉइस’च्या सुरुवातीच्या वर्षांत अनेकांना महागात पडले. बिले थकली, डॉक्टरांनी ती रुग्णांच्या नावावर वसुलीला लावली आणि ज्यांचा काडीचाही दोष नव्हता अशा माजी सैनिकांची पत खराब झाली. व्हीएला त्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र मदतवाहिनी सुरू करावी लागली.

गुणवत्तेबाबत माझ्या मते सर्वांत वजनदार पुरावा आहे तो डेव्हिड चॅन, नोबेल विजेते डेव्हिड कार्ड आणि लोवेल टेलर या अर्थतज्ज्ञांचा. रुग्णवाहिकेतून नेलेले, पासष्टीपुढचे माजी सैनिक त्यांनी अभ्यासले. कोणती रुग्णवाहिका आली यावर रुग्ण व्हीएमध्ये जातो की बाहेर हे बऱ्याच अंशी योगायोगाने ठरत असल्यामुळे ही तुलना विश्वासार्ह ठरते. व्हीएमध्ये नेलेल्यांचे २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले आणि खर्चही सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी. हा निष्कर्ष आणीबाणीच्या रुग्णांपुरता आहे, तो प्रत्येक आजाराला ताणून लावू नये. पण ‘खासगी म्हणजे चांगले आणि स्वस्त’ हा सरसकट दावा त्यानंतर टिकत नाही. व्हीएच्या डॉक्टरसमोर त्या रुग्णाची सगळी जुनी कागदपत्रे, औषधे, पूर्वीचे तपास एका ठिकाणी उघडतात. बाहेरच्या डॉक्टरला ती बरेचदा मागवावी लागतात आणि त्याचे टिपण परत व्हीएकडे येईलच याची खात्री नसते.

पैशाचा मुद्दा मला सर्वांत काळजीचा वाटतो. २०१८ ते २०२३ या काळात बाहेरच्या उपचारांवरचा खर्च १४.८ अब्ज डॉलरवरून २८.५ अब्ज डॉलरवर गेला. डॉ. केनेथ कायझर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने मार्च २०२४ मध्ये या वाढीबद्दल स्पष्ट इशारा दिला: हा ओघ असाच वाढला तर व्हीएची स्वतःची रुग्णालये आणि दवाखाने तग धरू शकणार नाहीत. यामागचे गणित साधे आहे. रुग्ण बाहेर गेला की विभागातील रुग्णसंख्या घटते, डॉक्टर टिकत नाही, विभाग बंद पडतो. मग ‘सेवा उपलब्ध नाही’ या निकषावर आणखी रुग्ण बाहेर जातात. ज्याला व्हीएमध्येच उपचार घ्यायचे आहेत, त्याची निवड या चक्रात संपते, आणि निवडीच्या नावाने चाललेल्या चर्चेत त्याचा कोणी उल्लेखही करत नाही. मणक्याची इजा, कृत्रिम अवयव, दृष्टी गमावलेल्यांचे पुनर्वसन, स्फोटातील अनेक जखमांवरचे एकत्रित उपचार यांचे जे ज्ञान व्हीएमध्ये दशकानुदशके साचले आहे, ते जिल्ह्याच्या गावातील खासगी रुग्णालयात विकत मिळत नाही.

याचा अर्थ बाहेरची सेवा नको असा मुळीच नाही. व्हीए स्वतः प्रसूती करत नाही. गरोदर माजी सैनिक स्त्रीला बाहेरच पाठवले जाते आणि व्हीएतील समन्वयक गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत तिच्या संपर्कात राहते. ही व्यवस्था उत्तम आहे. अलास्काच्या खेड्यात राहणाऱ्याला विमानाने रुग्णालयात बोलावण्यापेक्षा गावातील डॉक्टरचे पैसे भरणे केव्हाही योग्य. ‘मिशन’ कायदा सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला तो याच समजुतीवर, की बाहेरची सेवा ही आतल्या सेवेला जोड असेल. त्याच कायद्यात रुग्णालयांच्या इमारतींचा फेरआढावा घेऊन काही बंद करण्याची शिफारस करू शकणारा आयोगही होता. पण २०२२ मध्ये दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी त्याच्या सदस्यांच्या नेमणुका पुढे जाऊ दिल्या नाहीत आणि तो विषय तिथेच थांबला. रुग्णालये बंद करायला खुद्द कायदा करणारेच तयार झाले नाहीत, ही बाब दावा पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

आपल्याकडे १ एप्रिल २००३ पासून चालू असलेली ईसीएचएस मुळातच पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन पॅनेलवरील खासगी रुग्णालयात जाण्याच्या पद्धतीवर उभी आहे. म्हणजे ज्या गोष्टीची अमेरिकेचे नाव घेऊन मागणी होते, ती साताऱ्या-कोल्हापूरच्या माजी सैनिकाला आजही माहीत आहे, आणि तिच्यातले अडथळेही, विशेषतः थकलेल्या बिलांमुळे रुग्णालयाने दाखल करून घ्यायला केलेली टाळाटाळ. अमेरिकेकडून काही घ्यायचेच असेल तर २०१४ च्या कायद्यातील कमी चर्चा झालेली एक तरतूद घ्यावी. फीनिक्सच्या अनुभवानंतर व्हीएच्या प्रत्येक रुग्णालयाला भेटीसाठी किती दिवस थांबावे लागते हे संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक झाले. प्रत्येक पॉलिक्लिनिकने रेफरलला किती दिवस लागतात आणि पॅनेलवरील प्रत्येक रुग्णालयाची किती बिले किती महिने थकली आहेत हे असेच जाहीर करावे, ही मागणी माजी सैनिकांच्या संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे.